एकच चित्रपट, अनेक गल्ले

चित्रपटावरचा लेख म्हटला की त्यात अभिनय, दिग्दर्शन आणि संगीत यांची चर्चा असावयाची, असा आपल्या वार्षिकांकाचा प्रघात आहे. मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी. तेव्हा या लेखापुरती पडद्याकडे पाठ करून मी तिकीटबारीकडे तोंड केले आहे, त्याबद्दल रसिकांनी क्षमा करावी.

निमित्त घडले ते कसारा-कल्याण मार्गावरच्या लोकलमध्ये. मी रोज खडवलीहून कॉलेजला येते. एके सकाळी महिलांच्या डब्यात दोन मैत्रिणींची जुंपली. एक म्हणे, 'दंगल' सर्वांत मोठा, त्याने दोन हजार कोटी मिळवले. दुसरी म्हणे, छे, 'बाहुबली'चा दुसरा भाग मोठा. त्याचे सतराशे-अठराशे कोटी असतील, पण आपल्या देशात त्याच्या पासंगालाही कोणी पुरत नाही. टिटवाळ्याला सुरू झालेला वाद शहाड आले तरी मिटेना. मी मध्येच विचारले, "हे कोटी मोजले कोणी, आणि कोणत्या देशाच्या तिकिटांवर?" दोघीही माझ्याकडे पाहत राहिल्या. खरे सांगायचे तर उत्तर मलाही ठाऊक नव्हते. ते शोधताना जे हाती लागले, ते येथे मांडते.

एकच चित्रपट दोन ठिकाणी दोन तऱ्हेचा गल्ला जमवतो, हा अनुभव आपल्या चित्रपटाइतकाच जुना आहे. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला आणि चांगला चालला. तोच चित्रपट सुरतेला नेला, तेव्हा पहिल्या खेळाचा गल्ला अवघा तीन रुपये झाला, असे सांगतात. कारण मोठे मौजेचे आहे. सुरतेच्या प्रेक्षकाला दोन आण्यांत सहा-सहा तास चालणारी नाटके पाहण्याची सवय होती. दीड तासाच्या खेळाला तीन आणे त्याने का द्यावेत? फाळक्यांनी दर उतरवला नाही. त्यांनी जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, आणि हे सारे तीन आण्यांत, अशा अर्थाची जाहिरात झळकली आणि गर्दी लोटली. ज्या समाजाला माल लांबीवर मोजायची सवय होती, त्याला फाळक्यांनी लांबी मोजून दाखवली! आमच्या क्रमिक पुस्तकात पर्यायी वस्तू आणि मागणीची लवचिकता यांवर जी पाने आहेत, त्यांना याहून चांगले उदाहरण मला तरी सापडले नाही. मुंबई आणि सुरत तेव्हा एकाच इलाख्यात होत्या. तेथे जर इतका फरक, तर देश बदलल्यावर काय होईल?

पुढे जाण्यापूर्वी मापाविषयी थोडे लिहिणे भाग आहे. आज आपण कोटींत बोलतो. पूर्वी आठवड्यांत बोलत. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ साली मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ मुक्काम ठोकून होता. दादा कोंडके यांच्या लागोपाठ नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केले. म्हणजे एकेक चित्रपट पंचवीस आठवडे टिकला. या मापात लबाडीला वाव नव्हता असे नाही. रिकाम्या खुर्च्यांपुढेही महोत्सव साजरे करता येतात. पण त्या मापात पैशाला देश नव्हता. आठवडा करमाळ्यात सात दिवसांचा आणि कॅलिफोर्नियातही सात दिवसांचाच. कोटींचे तसे नाही.

वितरकांच्या नकाशावर आपला महाराष्ट्र एकसंध नाही, ही गोष्ट मला हा अभ्यास करीपर्यंत माहीत नव्हती. मराठवाडा 'निजाम' नावाच्या विभागात मोडतो. त्यात तेलंगण आणि जुन्या हैदराबाद संस्थानातले कर्नाटकाचे जिल्हे येतात. विदर्भ 'सी. पी. बेरार' विभागात, छत्तीसगडच्या शेजारी. उरलेला महाराष्ट्र, गुजरात, गोवा आणि बेळगाव-धारवाडचा पट्टा मिळून 'मुंबई' विभाग. राज्यपुनर्रचना झाली, संयुक्त महाराष्ट्र झाला, पण चित्रपटाच्या चोपडीत इंग्रज आणि निजाम अजून नांदताहेत. त्या हिशेबाने खडवली आणि सुरत एका घरात आहेत, लातूर आणि हैदराबाद दुसऱ्या. आणि या सर्व घरांच्या शेवटी एक खोली असते, तिचे नाव 'ओव्हरसीज'. लंडन, दुबई, न्यू जर्सी, सिडनी सारे त्या एका खोलीत कोंबलेले असते. पुष्कळ काळ त्या खोलीकडे निर्माते फारसे फिरकतही नसत.

आता कोटींकडे येऊ. प्रेक्षकाने खिडकीवर दिलेली एकूण रक्कम म्हणजे ग्रॉस. त्यातून कर वजा केला की नेट. त्यातून चित्रपटगृहाचा वाटा गेला की वितरकाचा शेअर. आपल्याकडे वर्तमानपत्रांत हिंदी चित्रपटाचा देशातला आकडा बहुधा नेट असतो आणि जगभरातला आकडा ग्रॉस असतो. हे दोन आकडे लोक शेजारी ठेवून बिनदिक्कत तुलना करतात. गव्हाचे पोते आणि पिठाचा डबा एकाच काट्यावर तोलावा, त्यातली ही गत. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर येईपर्यंत महाराष्ट्रातील मोठ्या शहरांत करमणूक कर ४५ टक्के होता. शंभर रुपये प्रवेशदर असेल तर खिडकीवर एकशे पंचेचाळीस द्यावे लागत. मराठी चित्रपटाला मात्र हा कर माफ होता. तेव्हा त्या काळातला मराठी चित्रपटाचा एक कोटी आणि हिंदी चित्रपटाचा एक कोटी हे दिसायला सारखे असले तरी आतून सारखे नव्हते. हल्ली मराठी-हिंदी भेद न करता दरावरून कर ठरतो. सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के आणि त्यावरील तिकिटावर १८ टक्के.

शेअरचा प्रकार याहून गुंतागुंतीचा. २००९ साली निर्माते आणि मल्टिप्लेक्सचालक यांच्यात तंटा झाला आणि दोन महिने मोठे हिंदी चित्रपट तेथे लागले नाहीत. शेवटी ठरले की पहिल्या आठवड्यात वितरकाला ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि पुढे ३० टक्के. म्हणजे जो चित्रपट हळूहळू, तोंडोतोंडी चालतो, त्याचा तिकिटामागचा वाटा घटत जातो. चीनमध्ये वाटणीच्या तत्त्वावर येणाऱ्या परदेशी चित्रपटांचा वार्षिक कोटा २०१२ च्या करारानंतर चौतीस झाला आणि परदेशी निर्मात्याचा वाटा २५ टक्के ठरला. काही चित्रपट ठोक रकमेलाच विकले जातात. मग तिकडे गल्ला कितीही होवो, निर्मात्याच्या पदरात तेवढीच रक्कम. म्हणून 'अमुक देशात इतके कोटी' हे वाक्य वाचल्यावर पहिला प्रश्न विचारावा, की त्यातले घरी किती आले.

मैत्रिणींच्या वादाचे मूळ 'दंगल'मध्ये होते, म्हणून तोच हिशेब मी वहीत मांडून पाहिला. हा चित्रपट आपल्याकडे डिसेंबर २०१६ मध्ये आणि चीनमध्ये मे २०१७ मध्ये लागला. चीनमधला गल्ला सुमारे १३० कोटी युआन, म्हणजे त्या वेळच्या दराने बाराशे कोटी रुपयांच्या वर. भारतातला ग्रॉस पाचशे कोटींहून थोडा अधिक. वरवर पाहता चिनी माणसाने हा चित्रपट आपल्या दुपटीहून अधिक डोक्यावर घेतला असे वाटते. पण पैसे बाजूला ठेवून माणसे मोजू. चीनमधले तिकीट सरासरी ३२ युआनचे धरले, तर प्रेक्षक होतात सुमारे चार कोटी. भारतातले तिकीट सरासरी १४० रुपयांचे धरले, तर प्रेक्षक होतात साडेतीन ते पावणेचार कोटी. हिशेब ढोबळ आहे, सरासरी मी धरलेली आहे, पण दहा-वीस रुपये इकडे-तिकडे केले तरी चित्र फारसे बदलत नाही. माणसे जवळजवळ सारखी, पैसे दुपटीहून जास्त. चिनी प्रेक्षकाच्या तिकिटात तीनशे रुपये आहेत, आपल्या प्रेक्षकाच्या तिकिटात दीडशेही नाहीत, एवढाच काय तो फरक.

तरीही चार कोटी चिनी माणसांनी हरयाणातल्या पहिलवानाच्या मुलींची गोष्ट पाहावी, हे नवलच. त्या वर्षाअखेर चीनमध्ये पन्नास हजारांवर पडदे होते, आपल्याकडे दहा हजारांच्या आत. त्यामुळे एकदा चित्रपटाची वाहवा झाली की तो वेगाने पसरायला जागा होती. 'थ्री इडियट्स' आणि 'पीके' यांमुळे आमीर खान तिकडे ओळखीचा होता. चिनी भाषेत चित्रपटाचे नाव ठेवले 'कुस्ती खेळू या, बाबा' अशा अर्थाचे. त्यात कुस्तीइतकाच बाबा महत्त्वाचा. अनेक वर्षे एकाच अपत्याचा नियम असलेल्या आणि सारी आकांक्षा त्या एका मुलावर किंवा मुलीवर लादणाऱ्या समाजाला या बापाची ओळख करून द्यावी लागली नसेल, असे मला वाटते. 'बाहुबली'च्या दुसऱ्या भागाने भारतात नेट एक हजार कोटी ओलांडले, अमेरिका-कॅनडात दोन कोटी डॉलर पार केले, आणि २०१८ साली चीनमध्ये तो लागला तेव्हा शंभर कोटी रुपयेही झाले नाहीत. राजवाडे, तलवारी आणि हवेत उडणारे योद्धे चिनी पडद्याला घरचेच. आमच्या सुरतकराप्रमाणे चिनी प्रेक्षकही म्हणाला असेल, की हे तर आमच्याकडे रोज मिळते.

येथे परदेशी बाजाराचे दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत. अमेरिकेतला 'बाहुबली'चा प्रेक्षक प्रामुख्याने तिकडे गेलेला तेलुगू माणूस होता. तो नकाशावर परदेशात असला तरी मनाने आंध्रात किंवा तेलंगणात असतो. चीनमधला 'दंगल'चा प्रेक्षक मात्र खरा परका. अशा परक्या प्रेक्षकाचे आपले सर्वांत मोठे उदाहरण राज कपूर यांच्या 'आवारा'चे. १९५४ साली तो सोव्हिएत संघात लागला आणि त्याची सुमारे सहा कोटी चाळीस लाख तिकिटे विकली गेली. 'दंगल'च्या चिनी प्रेक्षकांच्या दीडपट! पण आजच्या शेकडो कोटींच्या यादीत 'आवारा' कोठेही दिसत नाही, कारण सरकारी संस्था चित्रपट ठरावीक किमतीला घेई आणि तिकिटाचे रुबल तिकडेच राहत.

पहिल्या प्रकाराची, म्हणजे आपल्याच स्थलांतरित माणसांची बाजारपेठ अंगणातल्या विहिरीसारखी. तिने हिंदी चित्रपटाला काय केले, ते पाहण्यासारखे आहे. १९९५ साली अमेरिकेत सरासरी तिकीट सव्वाचार डॉलरच्या वर होते आणि डॉलर बत्तीस-पस्तीस रुपयांना. म्हणजे तिकडचे एक तिकीट सुमारे दीडशे रुपयांचे. आपल्याकडे त्या काळी वीस-पंचवीस रुपयांत बऱ्यापैकी जागा मिळे, असे घरची वडील माणसे सांगतात. एक परदेशस्थ प्रेक्षक येथल्या सहा-सात प्रेक्षकांच्या भारंभार झाला. त्याच वर्षी 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' आला, त्यातले नायक-नायिका लंडनमध्ये वाढलेले. तीनच वर्षांनी मणिरत्नम यांचा 'दिल से' भारतात पडला आणि ब्रिटनमध्ये मात्र पहिल्या दहांत गेला. असे आधी कोणत्याही भारतीय चित्रपटाला जमले नव्हते. पुढच्या काळात हिंदी चित्रपटातले शेतकरी आणि गिरणी कामगार कोठे गेले, हा प्रश्न समीक्षकांनी पुष्कळ वेळा विचारला आहे. त्याच्या उत्तराचा काही भाग डॉलरच्या दरात आहे, असे मला वाटते. निर्मात्याला दोष देऊन उपयोग नाही. जेथे एक माणूस सात माणसांचे देतो, तेथे कथा त्या एकाकडे सरकणारच. पण त्या सातांत आपण होतो, हे मला बोचते.

मराठी चित्रपटाची गोष्ट याच्या उलट. परदेशी मराठी माणूस भावनेने कमी नाही. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचे. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ आहे आणि दर दोन वर्षांनी त्याचे अधिवेशन भरते. पण संख्या थोडी आणि विखुरलेली. शनिवार-रविवारी एखाद-दुसरा खेळ, तोही पुष्कळदा कोणा हौशी मंडळींनी पुढाकार घेतला म्हणून. मराठी चित्रपटाला डॉलर वाचवणार नाहीत. त्याला शंभर रुपयांच्या तिकिटावरच जगायचे असते.

२९ एप्रिल २०१६ रोजी लागलेला नागराज मंजुळे यांचा 'सैराट' शंभर कोटींच्या पुढे गेला. मराठीत ते प्रथमच घडले. सुमारे चार कोटींत झालेला हा चित्रपट एकशे दहा कोटींच्या आसपास पोहोचला. वर म्हटल्याप्रमाणे मराठीला करमाफी होती, म्हणून हे पैसे बहुतेक कसदार होते. सरासरी तिकीट शंभर रुपयांचे धरले तर एक कोटी दहा लाख तिकिटे होतात. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटी तीस लाख. काहींनी दोनदा-तीनदा पाहिला असेल, काही प्रेक्षक अमराठी असतील, तरीही साडेसात-आठ मराठी माणसांमागे एक तिकीट हे प्रमाण पडते. 'दंगल'साठी चीनमध्ये हे प्रमाण पस्तीस माणसांमागे एक होते. जगाच्या यादीत 'सैराट'ला कोणी विचारणार नाही, पण एका भाषेच्या माणसांत एखादा चित्रपट किती खोल उतरला हे मोजायचे म्हटले, तर या वहीत तो 'दंगल'च्या पुढे बसतो. चित्रपट जवळजवळ तीन तासांचा, म्हणजे दिवसाला खेळ कमीच. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरला त्यामुळे रात्री बारा आणि पहाटे तीनचे खेळ लावावे लागले. पहाटे तीनला चित्रपट पाहायला उठणाऱ्या माणसाचे तिकीट आणि अमेरिकेतल्या मॉलमध्ये सहज शिरलेल्या माणसाचे तिकीट यांची तुलना कोणत्या चलनात करावी, हे आमच्या अभ्यासक्रमात नाही.

त्याच कथेवर २०१८ साली हिंदीत 'धडक' निघाला. त्याच्यामागे हिंदीचा सारा देश होता, परदेश होता, तिकिटे महाग होती. तरी त्याचा जगभरचा गल्ला 'सैराट'च्या फारसा पुढे गेला नाही. म्हणजे डोकी नक्कीच कमी भरली असणार. 'सैराट' कन्नड, पंजाबी, ओडिया आणि बंगालीतही गेला, पण नव्याने चित्रित होऊन. मराठी चित्रपटाची निर्यात बहुधा अशी होते. गोष्ट सीमा ओलांडते आणि चित्रपट घरी राहतो.

मानसन्मानाची निर्यात मात्र जुनी आहे. 'संत तुकाराम'चा १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला, चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला २०१४ साली तेथेच पारितोषिके मिळाली. 'तुकाराम'ला घरीही उदंड प्रेक्षक मिळाला. पण हे दोन्ही एकत्र मिळणे विरळा. ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' तर २०२१ साली थेट नेटफ्लिक्सवर आला. त्याला खिडकीच नाही, तेव्हा गल्ला कोठून सांगणार? घरच्या चित्रपटगृहात मराठीला वेळ मिळावी म्हणून राज्य शासनाला २०१५ साली मल्टिप्लेक्समधील प्राइम टाइमबाबत आदेश काढावा लागला, यावरून घरची बाजारपेठ तरी पुरती घरची आहे का, अशी शंका येते.

आता खडवली. आमच्याकडून चित्रपट पाहायचा तर गाडीने कल्याण गाठावे लागते. रात्रीचा खेळ बायकांच्या उपयोगाचा नाही, कारण शेवटच्या दृश्यापेक्षा कसारा लोकलचीच काळजी जास्त. दुपारचा खेळ मिळाला तरच जमते. २०२३ च्या जुलैत 'बाईपण भारी देवा' पाहायला आमच्या आळीतल्या अकरा जणी निघाल्या. त्यांत माझी आई होती. मी शाळेत होते तेव्हापासून ती चित्रपटगृहात गेली नव्हती. सर्वांनी ठरवून नऊवारी नेसल्या होत्या, गाडीत बसल्यापासून हसत होत्या, आणि संध्याकाळी परतल्या तेव्हा आईचे डोळे सुजलेले होते. काय झाले विचारले तर म्हणाली, "काही नाही, चांगला होता."

तिच्या जमाखर्चाच्या वहीत त्या दिवसाची नोंद आहे. तिकीट १५०, गाडी जाऊन-येऊन २०, रिक्षा वाटणीने ३०, वडापाव आणि चहा ३५, गजरा २०. एकूण २५५. वितरकाच्या चोपडीत यातला फक्त पहिला आकडा गेला, आणि तोही कर आणि वाटा कापून.